कागद कुणी दिला?

खबर पोचवणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत नावं पुष्कळ, पण त्यातलं एकही धड नाही. खबऱ्या, चहाडखोर, फितूर, घरभेदी. उर्दूतला ‘मुखबिर’ही याच पंगतीला बसतो. मुखबिर म्हणजे लोकांतली बातमी कोतवालाच्या कानात घालणारा. याच्या उलट दिशेनं जाणारा, म्हणजे सरकारच्या कपाटातली बातमी लोकांच्या हाती देणारा जो माणूस, त्याला आपल्याकडं फार दिवस नावच नव्हतं. अलीकडं मराठी वर्तमानपत्रांनी त्याच्यासाठी गावगाड्यातला जुना शब्द उचलला : जागल्या. रात्री गस्त घालणारा, काही वावगं दिसलं की हाळी देणारा जागल्या. शब्द फार चांगला निवडला. जागल्यानं हाळी दिली की गाव उठायचं आणि चोराच्या मागं लागायचं. ‘आमची झोप का मोडलीस?’ म्हणून जागल्यालाच बांधून घालणारं गाव ऐकिवात नाही. सरकारं मात्र बहुधा तेच करतात.

अशा माणसांचा विषय निघाला की अमेरिकेतली दोन नावं हमखास येतात. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचा गुप्त इतिहास ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला देणारे डॅनियल एल्सबर्ग, आणि २०१३ मध्ये सरकारी पाळतीची कागदपत्रं पत्रकारांना देणारा एडवर्ड स्नोडेन. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी आज इंग्लंडमधल्या सरकारी नोकरांची हकीकत सांगणार आहे. कारण ज्या कायद्यानं त्यांना धरलं, त्या कायद्याचं भावंड आपल्या घरात आजही नांदतं आहे.

सुरुवात १८७८ पासून करू. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातलं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि बर्लिनला युरोपातल्या सत्तांची परिषद भरायची होती. परिषदेत आपण रशियाशी ठामपणे भिडणार, असा इंग्रज सरकारचा आव होता. आतून मात्र लंडनमध्ये रशियाच्या वकिलाशी गुपचूप करार ठरला होता. त्याची नक्कल करण्याचं काम परराष्ट्र खात्यातल्या चार्ल्स मार्विन नावाच्या हंगामी कारकुनाकडं आलं. त्यानं त्याच संध्याकाळी कराराचा सारांश ‘ग्लोब’ या वर्तमानपत्राला दिला. परराष्ट्रमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांनी लॉर्डांच्या सभागृहात सांगितलं, की हा मजकूर विश्वास ठेवण्याच्या लायकीचा नाही. त्यावर १४ जूनला ‘ग्लोब’नं अख्खा करारच छापला!

मार्विनला अटक झाली. पण त्यानं चोरलं काय? मजकूर तो डोक्यात भरून घेऊन गेला होता. आमच्यात कुरआन मुखोद्गत असणाऱ्याला हाफिज म्हणतात, आणि अख्खी गाथा पाठ असलेले वारकरीही आपण पाहतो. पाठांतराला कुलूप घालता येत नाही, हे त्या दिवशी इंग्रज सरकारच्या ध्यानात आलं. असा काही गुन्हाच कायद्यात नाही, म्हणून मार्विनला सोडून द्यावं लागलं.

कायद्यातली ही फट बुजवायला अकरा वर्षं लागली. १८८९ मध्ये इंग्लंडात सरकारी गुपितांचा पहिला कायदा झाला. १९११ मध्ये जर्मन हेरांच्या धास्तीत तो आणखी कडक करण्यात आला, तोही कनिष्ठ सभागृहात एका दुपारच्या कामकाजात. त्याच्या दुसऱ्या कलमानं परवानगीशिवाय बाहेर सांगितलेली कोणतीही सरकारी माहिती हा गुन्हा ठरवला. कोणतीही म्हणजे कोणतीही. लष्कराचा नकाशा त्यात आला आणि कचेरीतल्या चहाचा खर्चही आला.

हिंदुस्थानातही हा कायदा १८८९ सालीच आला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’नं काश्मीरविषयीचं सरकारचं गुप्त टिपण छापून खळबळ उडवून दिली होती. पुढं लॉर्ड कर्झननं लष्करी गुपितांच्या जोडीला मुलकी कारभारही या कायद्याखाली ओढायचं ठरवलं. त्याला डिसेंबर १९०३ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विरोध करायला उभे राहिले ते आपले गोपाळ कृष्ण गोखले. कौन्सिलात बहुमत सरकारचं होतं, तेव्हा १९०४ मध्ये दुरुस्ती मंजूर झालीच. मग १९२३ मध्ये इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला नवा शासकीय गुपितांचा कायदा आला, आणि तोच आजतागायत चालू आहे.

या कायद्याची नजर कुठं असते ते पाहण्यासारखं आहे. कागद कुणी दिला? कुणाला दिला? परवानगी होती का? इतकंच तो विचारतो. कागदात काय लिहिलं आहे आणि सरकार बाहेर जे सांगतं त्याच्याशी ते जुळतं का, हा प्रश्न त्याच्या गावीही नसतो. पुढच्या तिन्ही हकीकती याच जागी येऊन अडतात.

पहिली सेरा टिस्डॉलची. वय २३, हुद्दा परराष्ट्र खात्यातली कनिष्ठ कारकून. १९८३ साल होतं. अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं इंग्लंडात ग्रीनहॅम कॉमनच्या विमानतळावर यायची होती. त्यांच्या विरोधात बायका १९८१ पासून तिथं तळ ठोकून बसल्या होत्या. सेराच्या हाती संरक्षणमंत्री मायकेल हेझेल्टाइन यांची दोन टिपणं आली. क्षेपणास्त्रं येऊन पोचल्यावर पार्लमेंटला कसं आणि कधी सांगायचं, विरोधकांना कसं आवरायचं, याची आखणी त्यात होती. लोकप्रतिनिधींना अंधारात ठेवण्याचा हा बेत तिला अनैतिक वाटला. तिनं छायाप्रती काढल्या आणि ऑक्टोबरमध्ये नाव न सांगता ‘गार्डियन’च्या कचेरीत नेऊन दिल्या. ३१ ऑक्टोबरला टिपण छापून आलं. १४ नोव्हेंबरला क्षेपणास्त्रं आल्याची घोषणा मंत्र्यांनी केलीच. म्हणजे सेराच्या कागदानं काहीही थांबलं नाही.

सरकार मात्र थांबलं नाही. आमचे कागद परत करा, म्हणून ते ‘गार्डियन’विरुद्ध न्यायालयात गेलं. संपादकांना नाव ठाऊक नव्हतं, पण छायाप्रत अजून त्यांच्याकडं होती. न्यायालयानं हुकूम दिला आणि डिसेंबरात वर्तमानपत्रानं तो कागद सरकारच्या हवाली केला. छायाप्रतीवरच्या खुणांवरून यंत्र सापडलं, यंत्रावरून खातं सापडलं आणि खात्यात सेरा सापडली. तिनं गुन्हा कबूल केला. मार्च १९८४ मध्ये तिला शिक्षा झाली : सहा महिने कैद. आपल्याकडं ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ म्हणतात ते वेगळ्या अर्थानं. इथं चार पानांची बातमी सोडाच, एका टिपणासाठी तरुण मुलीला तुरुंगात थांबावं लागलं. तिची कैद भोगून झाल्यावर लॉर्डांच्या न्यायपीठानं ‘गार्डियन’चं अपील फेटाळलं, तेही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण आवर्जून शिकवायला हवं. बातमी छापून झाल्यावर तो कागद वेळीच चुलीत गेला असता, तर यंत्राच्या खुणाही राहिल्या नसत्या आणि खटलाही उभा राहिला नसता. बातमी देणाऱ्याचा विश्वास राखायचा तर तो छापण्याआधीपासून राखावा लागतो.

दुसरी हकीकत क्लाइव्ह पाँटिंगची. हा कारकून नव्हे, संरक्षण खात्यातला वरिष्ठ अधिकारी. सरकारी उधळपट्टी कमी केल्याबद्दल त्याला सन्मान मिळाला होता आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचीही त्याच्या कामावर मर्जी होती. फॉकलंड बेटांवरून इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध चालू असताना, २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीनं ‘जनरल बेलग्रानो’ ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली. ३२३ माणसं गेली. ही नौका आमच्या आरमारावर चालून येत होती, असं पार्लमेंटला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात ती इंग्लंडनं आखलेल्या निषिद्ध क्षेत्राबाहेर होती, आणि तिनं तोंड फिरवून मायदेशाची वाट धरल्याला कितीतरी तास झाले होते. युद्धाच्या हिशेबात ती बुडवणं योग्यच होतं, असं म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य असेल. पण मग खरं सांगायला हरकत काय होती?

टॅम डॅलियेल नावाचे मजूर पक्षाचे खासदार हाच प्रश्न चिकाटीनं विचारत राहिले. मंत्र्यांसाठी या घटनेचा गुप्त अहवाल तयार करण्याचं काम पाँटिंगकडं आलं होतं, त्यामुळं त्याला सगळं ठाऊक होतं. खासदारांना खरं उत्तर द्यावं, असं त्यानं सुचवलं. मंत्र्यांनी ते मानलं नाही. पार्लमेंटच्या समितीलाही माहिती देऊ नये, असं टिपण खात्यात फिरू लागलं. तेव्हा जुलै १९८४ मध्ये त्यानं दोन कागद पाकिटात घालून डॅलियेलना पाठवून दिले. वर्तमानपत्राला नव्हे, खासदाराला. डॅलियेलनी ते समितीच्या अध्यक्षांना दिले आणि अध्यक्षांनी ते चक्क मंत्र्यांकडं परत पाठवले! पाँटिंग पकडला गेला.

खटला १९८५ च्या जानेवारीत ओल्ड बेलीच्या न्यायालयात उभा राहिला. कायद्यात एक छोटी वाट होती. ‘राज्याच्या हितासाठी’ ज्याला सांगणं कर्तव्य आहे, त्याला सांगितलं तर गुन्हा होत नव्हता. पाँटिंगचं म्हणणं असं, की पार्लमेंटला खरं कळणं यातच राज्याचं हित आहे. न्यायमूर्ती मॅकोवन यांनी ज्यूरीला सांगितलं, की राज्याचं हित म्हणजे सत्तेवर असलेल्या सरकारचं धोरण. एकदा हे मानलं की निकाल ठरलेलाच. आपल्याकडं ज्यूरी म्हटलं की १९५९ चा मुंबईतला नानावटी खटला आठवतो. त्यानंतर ज्यूरीची पद्धत आपल्याकडून निघूनच गेली. लंडनमधल्या त्या बारा सामान्य माणसांनी न्यायमूर्तींचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, आत जाऊन विचार केला, आणि काही तासांत बाहेर येऊन सांगितलं : निर्दोष. कायद्यानं न विचारलेला प्रश्न त्या बारा जणांनी विचारला. त्यांनी कागदात काय लिहिलं आहे ते पाहिलं.

यानंतर वर्षभरात एक गंमत झाली. जानेवारी १९८६ मध्ये हेलिकॉप्टर बनवणाऱ्या वेस्टलँड कंपनीवरून हेझेल्टाइन आणि व्यापारमंत्री लिऑन ब्रिटन यांच्यात जुंपली. तेव्हा सरकारच्या कायदा अधिकाऱ्यानं हेझेल्टाइनना लिहिलेलं गोपनीय पत्र व्यापार खात्यातूनच, मंत्र्याच्या संमतीनं, वृत्तसंस्थेला पुरवण्यात आलं. ब्रिटन यांना राजीनामा द्यावा लागला, पण तुरुंगात कुणी गेलं नाही, खटलाही भरला गेला नाही. कागद खालून फुटला तर गुन्हा, वरून फुटला तर राजकारण!

आणि सरकारनं पाँटिंगच्या सुटकेपासून धडा घेतला तो असा : १९८९ मध्ये नवा कायदा आणला. चहाच्या खर्चापर्यंत पोचणारं ते जुनं कलम गेलं, ही चांगली गोष्ट. पण ‘राज्याच्या हितासाठी’ ही पळवाटही बुजवून टाकली. लोकहितासाठी कागद दिला, हा बचाव आता चालणार नव्हता.

तिसरी हकीकत या नव्या कायद्याखालची. कॅथरिन गन ही चेल्टनहॅमच्या सरकारी गुप्तश्रवण केंद्रात चिनी भाषेची अनुवादक होती, वय २८. ३१ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेतल्या फ्रँक कोझा नावाच्या अधिकाऱ्याचा ई-मेल तिच्या कचेरीत आला. इराकवरच्या हल्ल्याला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची संमती हवी होती. अंगोला, कॅमेरून, चिली, बल्गेरिया, गिनी आणि पाकिस्तान हे सहा देश कुंपणावर होते. त्यांच्या प्रतिनिधींचं कचेरीतलं आणि घरातलं बोलणं चोरून ऐकायला मदत करा, अशी ती मागणी होती. कॅथरिननं ई-मेल छापून घेतला आणि ओळखीतून वर्तमानपत्राकडं पोचवला. २ मार्चला ‘ऑब्झर्व्हर’नं तो पहिल्या पानावर छापला. या पत्राची संपादकीय भूमिका युद्धाच्या बाजूची होती. तरीही त्यांनी कागद छापला, हे नोंदवून ठेवायला हवं.

इथं भाषेची एक गंमत घडली. मूळ मजकुरातली अमेरिकन स्पेलिंगं कुणीतरी सवयीनं ब्रिटिश करून टाकली होती. लगेच अमेरिकेत ओरड झाली, की अमेरिकन अधिकारी असं लिहीलच कसा, कागद बनावट आहे! एका-दोन अक्षरांनी खऱ्या दस्तऐवजाला खोटा ठरवण्याची वेळ आणली. आम्ही कवी मंडळी काना-मात्रेसाठी मुद्रकाशी भांडतो तेव्हा लोक हसतात. त्यांना हे सांगण्याजोगं आहे.

कचेरीत चौकशी सुरू झाली तेव्हा सहकाऱ्यांवर संशय नको, म्हणून कॅथरिननं आपणहून कबुली दिली. नोकरी गेली. नोव्हेंबरात आरोप ठेवला गेला. नव्या कायद्यात बचावाला जागाच नव्हती. तिच्या वकिलांनी वेगळा डाव टाकला. बेकायदा युद्धात माणसं मरू नयेत म्हणून तिनं हे केलं, तेव्हा हे युद्ध कायदेशीर होतं की नाही याविषयी सरकारच्या कायदेशीर सल्लागारानं काय सल्ला दिला होता, तो कागद न्यायालयात आणा, अशी मागणी त्यांनी केली. २५ फेब्रुवारी २००४ रोजी ओल्ड बेलीत खटला पुकारला गेला आणि सरकारी वकिलांनी उठून सांगितलं, की आम्ही पुरावा सादर करणार नाही. आरोपीनं कबुली दिलेली, कागद सगळ्या जगानं वाचलेला, आणि सरकारकडं पुरावा नाही! अर्ध्या तासात कॅथरिन मोकळी झाली. तो सल्ला एप्रिल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या ठरावाशिवाय युद्ध कायद्यात बसेल का, याविषयीच्या शंका ७ मार्च २००३ च्या त्या टिपणात नोंदवलेल्या होत्या. युद्ध २० मार्चला सुरू झालं होतं.

यावर एक रास्त शंका निघते. प्रत्येक कारकून आपल्या मनाला पटेल ते बाहेर नेऊ लागला, तर राज्य चालायचं कसं? शंका खोटी नाही. सैन्य कुठून कुठं निघालं, आपला माणूस शत्रूच्या गोटात कोण आहे, ही गुपितं राखलीच पाहिजेत. कॅथरिनच्या कागदानं चालू असलेली हेरगिरी उघडी पडली, हेही खरं. पण तिघांचे कागद शेजारी ठेवून पाहा. सरकार बाहेर एक सांगत होतं आणि आत दुसरं करत होतं, हे तिन्ही कागदांत आहे. म्हणून गुन्हा ठरवताना दोन्ही प्रश्न विचारले जावेत, एवढंच मागणं आहे. कागद कुणी दिला हे जरूर विचारा. कागदात काय आहे, आणि ते लपवून कुणाचं भलं होत होतं, हेही विचारा.

आपल्या देशात हा दुसरा प्रश्न विचारण्याची सोय थोडीफार झाली आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात म्हटलं आहे, की लोकहित मोठं असेल तर शासकीय गुपितांचा कायदा असूनही माहिती देता येईल. २०१९ मध्ये राफेल विमानखरेदीची कागदपत्रं ‘द हिंदू’नं छापली तेव्हा ती चोरीची आहेत, न्यायालयानं वाचू नयेत, असं सरकारतर्फे सांगण्यात आलं. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती हरकत फेटाळली. पुढं त्याच वर्षी फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या, म्हणजे कागद वाचून न्यायालयाचं मत बदललं नाही. पण ते वाचल्यावर ठरलं, हे महत्त्वाचं.

माणसाची सोय मात्र व्हायची आहे. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी आपलं नाव गुप्त ठेवा, अशी विनंती केली होती. पत्र नावासकट खात्याखात्यांत फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेनं खुनाचं कारण लूट असं सांगितलं. कारण काहीही असो, इतकी गुपितं राखणाऱ्या व्यवस्थेला ते एक नाव राखता आलं नाही. त्यानंतर जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला आणि अंमलात न येता वर्षानुवर्षं पडून राहिला.

इंग्लंडनं १९११ चा आपला तो कायदा २०२३ मध्ये नव्या कायद्यानं रद्द केला. १९८९ चा कायदा मात्र तिथं आहेच. आपल्याकडं १९११ च्या कायद्यावर बेतलेल्या कायद्यानं त्याच २०२३ साली शंभरी गाठली. मूळ झाड तोडलं गेलं, आपल्या अंगणातलं कलम उभं आहे. गोखल्यांनी १९०३ मध्ये कौन्सिलात मांडलेला आक्षेप त्यामुळं अजून निकाली निघालेला नाही. तो निकाली काढण्याचं काम आता परक्या व्हाइसरॉयचं नाही, आपण निवडून दिलेल्या माणसांचं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)